पाच रंगांसाठी रोहिणखेड

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान औरंगाबादच्या एका कारखान्यात होते. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांच्या कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं. मेहकरच्या आमच्या गल्लीतून तोवर कुणी मुंबईच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे भाऊजी जपानला चालले म्हटल्यावर जो तो भेटायला येऊन गेला. मायने त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "जावाईबापू, बुद्धाची एखादी लहानशी मूर्ती भेटली तं आनजा. तिकडची."

भाऊजींनी मूर्ती आणली. लाकडाची, तळहातावर मावेल एवढी. माय ती पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती, तोवर भाऊजींनी बॅगेतून दुसरा खोका काढला आणि मला म्हणाले, "आणि हे तुझ्यासाठी."

मी तेव्हा अकरावीला होते. खोक्यात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा एक करडा डबा होता, वायरीने जोडलेले दोन हातात धरायचे रिमोट होते, वरच्या खाचेत बसवायची एक जाडसर कॅसेट होती आणि सोबत विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर होता, कारण जपानची वीज आपल्यापेक्षा निम्म्याहून कमी दाबाची असते. वायरींचं एक वेगळं पुडकंही होतं. पिवळ्या, पांढऱ्या टोकांच्या त्या वायरी आमच्या टीव्हीला कुठेच बसल्या नाहीत, म्हणून भाऊजींनी अँटेनाच्या जागी दुसरी वायर खुपसली आणि टीव्हीची बटणं फिरवत बसले.

आमचा टीव्ही होता ब्लॅक अँड व्हाइट. बराच वेळ नुसत्या मुंग्या दिसल्या. मग एकाएकी चित्र उमटलं, पण ते वर सरकत राहिलं. भाऊजींनी मागचं एक बटण हळूहळू फिरवून ते थांबवलं. आवाज काही आलाच नाही, फक्त खरखर.

"पाहा आता," भाऊजी म्हणाले.

पडद्यावर विहिरीसारखे दोन उभे चौकोन होते, एक माझा, एक त्यांचा. वरून दोन दोन गोळे जोडीने खाली येत. मऊ, लिबलिबीत, डोळे असलेले गोळे. ते डावी-उजवीकडे सरकवायचे, फिरवायचे आणि खाली बसवायचे. एका रंगाचे चार गोळे एकमेकांना चिकटले की फुटून नाहीसे होत, आणि त्यांच्यावरचे खाली घसरत. घसरलेल्यांत पुन्हा एका रंगाचे चार जुळले तर तेही फुटत. असे एकामागून एक फुटत गेले की समोरच्याच्या विहिरीत धोंडे पडत. ज्याची विहीर आधी भरली तो हरला.

समजायला सोपं होतं. अडचण एवढीच होती की गोळे पाच रंगांचे होते आणि आमच्या टीव्हीवर ते पाचही करडे दिसत.

"यात लाल कोणता?" मी विचारलं.

भाऊजी पडद्याजवळ गेले, मागे आले, परत जवळ गेले. "हा असेल," ते म्हणाले. तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सामान घेऊन आम्ही चौकातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. त्यांनी मोठ्या कौतुकाने तो उघडून दिला, भाऊजींनी वायर लावली, चित्र आणलं. तेही करडं! भाऊजींनी कपाळावर हात मारला.

"दुकानदारानं विचारलं होतं मला," ते म्हणाले, "की तुमच्याकडचा टीव्ही कोणत्या सिस्टिमचा आहे. मला वाटलं, टीव्ही कसा आहे असं विचारतोय. मी म्हटलं, व्हेरी गुड."

जपानात रंग पाठवायची पद्धत वेगळी आणि आपल्याकडची वेगळी, दोन्ही समजणारा टीव्ही असेल तरच रंग दिसतील, असं त्यांनी सांगितलं. असा टीव्ही मेहकरात कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. भाऊजी आणि ताई दोन दिवसांनी औरंगाबादला परत गेले. जाताना भाऊजींचा चेहरा एवढा पडला होता की मायनेच त्यांना समजावलं. "तुम्ही काऊन वाईट वाटून घेता? मूर्ती किती गोड आनली."

मी खेळाचा नाद सोडून दिला. सोडला नाही तो मायने.

हे मला कळलंही उशिरा. एकदा कॉलेजातून लवकर आले तर माय टीव्हीसमोर पाटावर बसलेली. हातात रिमोट, पदर खोचलेला, आणि ओठ मिटलेले. मी दारातच उभी राहिले. पडद्यावर गोळे भराभर फुटत होते.

"माय, तुले रंग कसे दिसून राह्यले?"

"रंगाचं काय काम?" मान न वळवता ती म्हणाली. "डोळे पाह्य ना त्यायचे."

मी खाली बसून पाहिलं आणि मला हसूच फुटलं. खरंच, पाच जातींचे डोळे वेगवेगळे होते. मी एवढे दिवस करड्याच्या छटा शोधत बसले होते, आणि मायने प्रत्येकाला नाव ठेवून टाकलं होतं. एकाचे डोळे बटाट्याएवढे, ती भोकरडोळी. एकाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, तो झोपाळू. एक रागीट, एक तिरळी. आणि एकीच्या डोळ्यांना वर वळलेल्या पापण्या होत्या, तिचं नाव नवरी.

"आता पाह्य. ही नवरी इथी बसवतो. झोपाळू फुटले की नवऱ्या खाली येतीन. मंग चार नवऱ्या. मंग त्याच्यावरचे रागीट." तिने जोडी फिरवली, खाली सोडली. झोपाळू फुटले, नवऱ्या घसरल्या आणि फुटल्या, त्यांच्यावरचे रागीट एकत्र आले आणि तेही फुटले. तिने हातच लावला नव्हता. सगळं आपलं आपण घडत होतं आणि माय रिमोट मांडीवर ठेवून नुसती पाहत होती. तिचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. कुणीतरी येणार म्हणून वाट पाहावी आणि ते माणूस दारात दिसावं, तसा.

त्या दिवसापासून मीही त्या खेळात अडकले. मला वाटतं, आम्हाला त्यात ओढत होतं ते फोडणं नव्हतं. रचणं होतं. तीन जुळले की चौथा लावून लगेच फोडून टाकणं सोपं, पण तसं न करता त्यांच्यावर पुढचे तीन, त्यांच्या बाजूला आणखी तीन असं मांडत जायचं, विहीर वरपर्यंत भरत आलेली, आणि हवा असलेला शेवटचा गोळा अजून येतच नाही. आला की एवढंसं बटण दाबायचं. मग तुमचं काम संपलं. आणि ते सगळं, मुक्यानेच, करड्या रंगात, खाली कोसळत जायचं.

पण मायच्या मनात एक गोष्ट राहिली होती. भाजी निवडता निवडता ती मध्येच विचारायची, "नवरी कोन्त्या रंगाची असंल व?"

"लाल असेल," मी म्हणे.

"हिरवी असंल. हिरवा चुडा भरलेली."

हे बाबांच्या कानावर पडत होतं. बाबा मेहकरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांच्या वेळा सोडून त्यांना कशातच रस नाही असं आम्ही समजत होतो. खेळाकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पण स्टँडवर जो ड्रायव्हर-कंडक्टर येई त्याला त्यांनी विचारायला सुरुवात केली होती, की बाहेरदेशाहून आणलेला टीव्ही कुणाच्या पाहण्यात आहे का. एक दिवस ते जेवायला घरी आले आणि ताटावर बसता बसता म्हणाले, "भेटला."

"काय?"

"टीव्ही. रोहिणखेडले. आपला एक ड्रायव्हर तिथला हाये. त्याच्या गल्लीत एक चाची हाये, तिचा पोरगा सौदीले असते. त्यानं आनलेला टीव्ही. म्हने कोन्त्याबी देशाची कॅसेट लागते त्याच्यावर."

माय ताट वाढता वाढता थांबली. रोहिणखेड मोताळ्याकडे, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. चिखली, बुलढाणा, मग घाट उतरून पुढे. ओळखीचं तिथे कुणी नाही.

"अहो, असं कसं जावं लोकायच्या घरी? काय म्हनतीन?"

"म्यां निरोप धाडला होता," बाबा म्हणाले. "चाचीचा निरोप आला. या म्हने, पन जेवल्याशिवाय जाऊ देनार नाई."

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या गाडीत बसलो. मायने डबा, रिमोट, ट्रान्सफॉर्मर, वायरींचं पुडकं सगळं एका गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरत होती. तिकीट फाडता फाडता कंडक्टर वाकून म्हणाला, "जयभीम माय. लहान लेकरू हाये का?"

"नाई बापू," माय म्हणाली, "जपान हाये."

बुलढाण्याला गाडी बदलली. राजूरचा घाट उतरताना माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. एवढं येऊन तिथेही करडंच दिसलं तर?

चाचींचं घर जुन्या मशिदीच्या अलीकडच्या गल्लीत होतं. दार उघडलं ते त्यांनीच. मायपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. उंच, आवाज खणखणीत. नवरा गेल्यापासून शेत त्याच पाहत होत्या, आणि कापसाचे दिवस असल्याने त्यांची बाहेरची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती. टीव्ही होता त्याच खोलीत, पलीकडच्या भिंतीला.

"या हो बाई, या. बसायले जागा नाई, कापसावरच बसा. अन् हे काय आनलं म्हंता जपानचं, ते आधी दाखवा. मले रातभर झोप नाई आली."

आम्ही कापसावर बसलो आणि कंबरेपर्यंत आत गेलो. बाबांनी ट्रान्सफॉर्मर लावला. टीव्हीच्या पाठीमागे पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाची भोकं होती, तशाच रंगाच्या वायरी आमच्या पुडक्यात होत्या. मी त्या बसवल्या. चाचींनी टीव्हीच्या रिमोटवरचं एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. पडदा काळा, मग निळा.

आणि मग आवाज आला.

आम्ही तिघेही दचकलो. आवाजाचं आमच्या डोक्यातच नव्हतं. ढोलक, घंटा, तुतारी, सगळं एकदम वाजायला लागलं, एखादी वरात गल्लीत वळावी तसं. पाठोपाठ चित्र उमटलं. लाल! हिरवा, पिवळा, निळा, जांभळा! लहानपणी जत्रेत चष्म्याच्या गाड्यावर रंगीत काच डोळ्याला लावल्यावर सगळं जग बदलून जायचं, तसं झालं. मी ओरडले. माय ओरडली. काय झालं ते न कळता चाचीही ओरडल्या.

"नवरी पाह्य! नवरी!" मायने माझा दंड धरला. "जांभळी हाये व! जांभळी!"

तिला तो रंग कधी सुचलाच नव्हता. मलाही नाही.

एक रिमोट मायने घेतला, दुसरा चाचींना दिला, नियम समजावून सांगितले. मी मनात म्हटलं, बिचाऱ्या चाची. मायला तर सवय झालेली. पण पहिला डाव चाचींनी जिंकला. दुसराही त्यांनीच. तिसऱ्याला मायची विहीर अर्ध्या वेळातच भरली. चाची मोठमोठ्याने हसत होत्या, "लालवर लाल, हिरव्यावर हिरवा, एवढंच तं हाये!" आणि माय रिमोट घट्ट धरून पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होती. चौथा डाव हरल्यावर ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मले काई सुचून नाई राह्यलं. रंग मधात येऊन राह्यले."

एवढे आठवडे ती डोळे पाहून खेळत होती. आता डोळ्यांकडे लक्ष जाण्याआधी रंगच समोर येत होता, आणि तिच्या डोक्यात रंगाला काही नावच नव्हतं.

"चाची," मी विचारलं, "याचा रंग कमी होते का?"

चाचींनी टीव्हीचा रिमोट पुढे केला. मी बटण दाबत गेले, रंग उतरत गेले, शेवटी सगळं करडं झालं. माय सावरून बसली. आणि मग तिने चाचींचा असा धुव्वा उडवला की त्यांच्या विहिरीत धोंड्यांखेरीज काही दिसेना. प्रत्येक वेळी लागोपाठ गोळे फुटले की त्या खेळातली कुणीतरी मुलगी काहीतरी ओरडे, जपानीत, दर वेळी आणखी जोरात.

"अवो बाई!" चाचींनी रिमोट कापसात टाकला. "मेहकरहून रंग पाहायले आल्या अन् माह्या घरचे रंगच बंद केले तुम्ही!"

मायला एकदम हसू आलं. अशी हसली की कापूस तिच्या केसांत, नाकात गेला. चाचींनी तिच्या पाठीवर थापा मारल्या. हसू ओसरल्यावर तिने स्वतःच बटण दाबून रंग परत आणले.

"नाई, बरोबर हाये तुमचं. आता रंगातच शिकतो."

आणि ती शिकली. जेवणं झाली, जेवताना दोघी खेळाबद्दलच बोलत होत्या, हात धुऊन परत बसल्या. आता चाची रंग ओरडायच्या आणि माय नावं. "पिवळा दे, पिवळा!" "भोकरडोळी आली, सरका!" गल्लीतल्या दोन-तीन बाया दारात येऊन थांबल्या आणि थोड्या वेळाने कापसावर येऊन बसल्या. त्या जपानी मुलीचं ओरडणं सगळ्यांना पाठ झालं होतं. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, पण गोळे फुटू लागले की सगळ्याजणी तिच्यासोबत ओरडायच्या.

दुपार कलली तेव्हा माय एक मोठा डाव रचत होती. मला तिचा बेत दिसत होता. खाली हिरवे तीन, त्यांच्यावर लाल, बाजूला पिवळ्यांचा जिना, वर नवऱ्या. विहीर गळ्यापर्यंत आली होती. एक हिरवा हवा होता, एकच. निळा आला, तिने तो कोपऱ्यात ढकलला. पिवळा आला. चाची खेळायचं सोडून मायच्याच बाजूला पाहत होत्या. वर हिरवा दिसला, आणि लाइट गेली.

असा एकसाथ "हाय!" मी पुन्हा कधी ऐकला नाही. एक बाई तर उठून फळीवरच्या मीटरला बोल लावायला लागली. चाची म्हणाल्या, "हे नाई चालनार. काय होनार होतं ते सांगा." आणि माय रिकाम्या पडद्यासमोर उभी राहून, काचेवर बोट ठेवून सांगू लागली. हा इथी पडला असता, हिरवे गेले असते, मग लाल खाली, मग हे पिवळे. तिचं बोट खाली घसरे आणि कापसावरच्या बाया ओरडत. अगदी खऱ्यासारख्या.

बाबा ओसरीवर होते. ते दारात आले आणि म्हणाले, "निघा लागते. परतीची गाडी येऊन राह्यली." गाडीची वेळ म्हणजे बाबांसाठी शेवटचा शब्द. आम्ही वायरी काढायला वाकलो, तेवढ्यात लाइट आली. पडद्यावर रंग उसळले, ढोलक सुरू झाली. मायने वर बाबांकडे पाहिलं.

बाबांनी घड्याळ पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि येऊन कापसात बसले. "जाऊ द्या तिले," ते म्हणाले. "सकाळची हाये एक. हे कसं धरतेत, दाखवा मले."

चाचींनी लगेच चूल पेटवली. बाबा त्या संध्याकाळी सगळ्यांकडून हरले, माझ्याकडून, मायकडून, गल्लीतल्या बायांकडून, आणि दर वेळी "पुन्हा" म्हणत राहिले.

सकाळी निघताना मायने गोधडी रिकामीच घडी घातली. "हे इथीच राहू द्या चाची. आमच्या घरी याले रंग नाई अन् आवाज नाई." मी काही बोलणार होते, खेळ माझा होता. पण मलाही तो परत करड्यात न्यायचा नव्हता.

"अन् तुम्ही?" चाचींनी विचारलं.

"मी येत जाईन."

तोवर माय कधी एकटी गाडीत बसली नव्हती. माहेरी सुलतानपूरला जायचं तरी बाबा किंवा मी सोबत लागायचो. पण पुढच्याच महिन्यात बाबांनी तिला बुलढाण्याच्या गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं, आणि ती बुलढाण्याला गाडी बदलून रोहिणखेडला पोहोचली. मग हे चालूच राहिलं. कापूस विकला गेला, त्या खोलीत गव्हाची पोती आली, माय आणि चाची पोत्यांवर बसून खेळू लागल्या. चाचींचा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याला क्रिकेटची मॅच पाहायची होती; दोघींनी त्याला दोन डाव थांबायला सांगितलं आणि मग तिसऱ्यात त्यालाच बसवलं. तो हरला. मॅच राहूनच गेली.

एका रविवारी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन स्टँडवर गेले होते. माय रोहिणखेडहून दुपारच्या गाडीने परत यायची होती. बाबा कंट्रोलच्या खिडकीत बसून माइकवर लोणारच्या गाडीचं सांगत होते, तेवढ्यात बुलढाण्याची गाडी आत शिरली. पुरती थांबायच्या आधीच माय उतरली आणि पिशवी सांभाळत जवळजवळ धावत खिडकीशी आली.

"अहो, सहा!" ती ओरडली. "एकामागं एक सहा फुटले! चाचीले इचारा! सहाच्या सहा!"

बाबांनी माइक बंद केला नव्हता. स्टँडभर, चहाच्या टपरीपर्यंत, लोणारच्या गाडीत चढणाऱ्या माणसांपर्यंत मायचा आवाज घुमला. सगळ्यांनी माना वळवल्या. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने घाबरून शेजाऱ्याला विचारलं, "कोन्त्या गाडीचे फुटले हो टायर?" माय तोंडावर पदर घेऊन हसत सुटली, आणि बाबांनी माइकवर जरा खाकरून, त्यांच्या नेहमीच्या सरळ आवाजात, लोणारची गाडी चार नंबरवर लागली आहे असं पुन्हा सांगितलं.